पहिल्या दोन दिवसांची सही

चौगुलेबाईंना किळस फार. म्हणजे झुरळ-पाल बघून ओरडायची किळस नव्हे, ती परवडली. त्यांना किळस यायची ती माणसांची. गेटजवळच्या भिंतीवर मावा थुंकणारा दिसला तर त्या नाक मुरडून पुढं जायच्या. पण मापात मारणारा, "चालतंय की" म्हणणारा, न बघता "बघितलं" म्हणून सांगणारा दिसला, की त्यांच्या तोंडावर असा भाव यायचा, की समोरच्यानं आपल्याच अंगाचा वास घेऊन बघावा. उद्यमनगरातल्या त्यांच्या फाउंड्रीत दीडशे माणूस. त्यातल्या निम्म्यांनी तरी तो भाव एकदा झेललेला.

पूर्ण नाव क्रांती चौगुले. माहेर आणि सासर दोन्ही मंगळवार पेठेत, मध्ये फक्त दोन गल्ल्या. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाल्या आणि बाविसाव्या वर्षी भट्टीच्या लॅबमध्ये नोकरीला लागल्या. तेव्हा त्या आवारात बाई दिसली तर ती कुणाचा तरी डबा घेऊन आलेली बायको असायची. थोरले मालक गणपतराव स्वतः माती तुडवत, साचे भरणाऱ्या मोल्डरचे मालक झालेले. त्यांनी या पोरीला पहिले आठ दिवस लॅबमध्ये बसूच दिलं नाही. हातात हातोडा दिला, टाकाऊ मालाचा ढीग दाखवला आणि म्हणाले, फोड आणि आतला रंग बघ. पोरीच्या हाताला फोड आले, पण आठव्या दिवशी ती नुसत्या आवाजावरून सांगायला लागली, हे चिवट, हे तडकणारं. मग गणपतरावांनी तिला लॅबची किल्ली दिली. ती चोवीस वर्षं तिच्याच कमरेला.

त्या लॅबमध्ये एक मशीन होतं. अठ्ठ्याण्णव साली आलेलं, कपाटाएवढं. भट्टीतला पातळ रस डावानं काढून साच्यात ओतायचा, रुपयापेक्षा जरा मोठं बटण तयार व्हायचं. ते घासून मशीनवर ठेवलं की त्यावर ठिणगी पडायची आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत यायचं, या लोखंडात कार्बन किती, गंधक किती, मॅग्नेशियम किती. त्यातलं मॅग्नेशियम महत्त्वाचं. ते चिमूटभर असलं की लोखंड चिवट होतं, वाकेल पण तुटणार नाही. तेवढं कमी पडलं की तेच लोखंड बिस्किटासारखं तडकतं. बरं, दिसायला दोन्ही सारखी. आणि ही फाउंड्री करायची काय, तर उसाच्या ट्रॉलीचे हूक. ट्रॅक्टरला ट्रॉली ज्याच्यावर लटकते तो हूक. मागं दहा टन ऊस, पुढं चढ, आणि मधे हा एवढा तुकडा. म्हणून प्रत्येक मालाबरोबर कागद जायचा आणि कागदावर चौगुलेबाईंची सही.

गणपतराव दोन वर्षांपूर्वी गेले आणि गादीवर त्यांचा मुलगा धैर्यशील आला. वय चौतीस, गाडी मोठी, बोलणं गोड. बाईंना ताई म्हणायचा. बापानं पोराला सगळं दिलं, फक्त हातोडा द्यायचा राहिला, असं बाईंचं मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

या वर्षीच्या खंडेनवमीला काय झालं ते ऐका. खंडेनवमी म्हणजे आपल्याकडं अवजारांची पूजा. आदल्या दिवशी सगळी फाउंड्री धुऊन काढलेली, भट्टीला झेंडूचे हार, क्रेनला ऊस बांधलेला, लेथला हळदीकुंकू. धैर्यशीलनं सगळीकडं नारळ फोडला. शेवटी लॅबमध्ये आला. मशीनला हार घातला, कॉम्प्युटरच्या डब्याला गंध लावलं, आणि आता नारळ फोडायला टणक जागा कुठली, तर त्या डब्याच्याच डोक्यावर धरून पान्ह्यानं फोडला. पाणी चांगलं ओंजळभर निघालं. ते त्यानं श्रद्धेनं डब्यावरच शिंपडलं. डबा चालू होता. वरच्या फटींतून पाणी आत गेलं, चर्र झालं, पडदा काळा पडला. आणि जमलेल्या पंधरा-वीस माणसांतला एकजण म्हणाला, नारळ गोड निघाला. सगळ्यांनी खोबरं खाल्लं. बाईंना द्यायला आले तेव्हा त्यांनी हात मागं घेतला.

सत्तावीस वर्षं धुळीत, उष्णतेत, विजेच्या धक्क्यांत तगलेला कॉम्प्युटर मालकाच्या भक्तीनं मेला. पण मालकानं मारला असं म्हणणार कोण? जुना होता, जायचाच होता, असं ठरलं. दसऱ्याची सुट्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी राजवीर आला. हा धैर्यशीलच्या बायकोचा मावसभाऊ, स्टेशन रोडला कॉम्प्युटरचं दुकान, एक खांदा कायम फोनला चिकटलेला. जुन्या डब्यातली डिस्क वाचली होती, त्यातला प्रोग्राम त्यानं काढला आणि म्हणाला, चार दिवसांत नवा कोरा कॉम्प्युटर बसवून देतो, मॅडम, विमान पळंल तुमचं.

चार दिवस. पण भट्टी तर आज पेटलेली. ऊसहंगाम तोंडावर, कुरुंदवाडच्या ट्रॉलीवाल्याचे हूक निघायचे, टेम्पो गेटवर उभा. कागदाशिवाय माल तिकडं उतरवून घेत नसत. बाई म्हणाल्या, बटणं बाहेरच्या लॅबला पाठवू. धैर्यशील म्हणाला, अर्धा दिवस जाईल, भट्टी काय तोवर रस धरून बसणार का? त्यापेक्षा मागच्या आठवड्याचे आकडे घाला की. भंगार तेच, मसाला तोच, माणसं तीच.

बाईंनी तो भाव तोंडावर आणला. आणला आणि मग विचार केला. चोवीस वर्षं हेच आकडे बघतोय आपण. फरक पडला तर दशांशाच्या तिसऱ्या घरात पडतो. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. टेम्पोवाला बाहेर हॉर्न मारत होता. त्यांनी मागच्या आठवड्याचे आकडे नव्या कागदावर उतरवले आणि निळ्या शाईनं सही केली. झालं. कसला आवाज झाला नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टीवरचा कृष्णात घाम पुसत लॅबच्या दारात आला. तो वीस वर्षं भट्टीवर, फार बोलणारा माणूस नव्हे. म्हणाला, "मॅडम, लाडल ईस मिनिटं हुबी ऱ्हायली. क्रेन अडकलती. बगा की जरा."

लाडल म्हणजे रसाची बादली. रसात मॅग्नेशियम टाकल्यावर तो दहा मिनिटांच्या आत साच्यात गेला पाहिजे, नाहीतर मॅग्नेशियम जळून जातं. हे कृष्णातला माहीत होतं आणि बाईंना त्याच्या आधीपासून. बाईंनी त्याच्या हातातलं बटण घेतलं. बघायचं कशानं? मशीनच्या शेजारी रिकामं टेबल, त्यावर कॉम्प्युटरच्या डब्याचा चौकोनी धुळीचा डाग. क्षणभर त्यांच्या मनात आलं, हातोडा घ्यावा, एक हूक फोडून बघावा. पण माल अजून लालभडक, गार व्हायला संध्याकाळ, आणि टेम्पो उद्या सकाळी सातला. त्यांनी बटणावर खडूनं तारीख आणि नंबर घातला, डब्यात टाकलं आणि म्हणाल्या, बघते. कृष्णात गेला. बाईंनी कागद काढला, कालचेच आकडे उतरवले आणि सही केली.

तिसऱ्या दिवशी धैर्यशील चहा पीत लॅबमध्ये येऊन बसला आणि हसत हसत म्हणाला, बघा ताई, मशीन न्हाय तरी काय अडलं का? उगाच एवढी वर्षं त्याच्या दुरुस्तीवर घातली. भंगारात काढू की. त्या हसण्यानं मात्र बाईंचं टाळकं फिरलं. काल आपण केलं ते नाइलाजानं, हा तर त्याची रीत पाडायला निघाला! त्यांनी स्वच्छ सांगितलं, आजपासून न बघता सही होणार नाही. धैर्यशीलनं वाद घातला नाही. तो कधीच घालत नसे. त्यानं ऑफिसात जाऊन बाईंच्या जुन्या कागदावरची सही स्कॅन करून घेतली आणि त्या दिवसापासून कागद ऑफिसातूनच छापून जायला लागले. खाली सही ठसठशीत, बाईंच्या सहीपेक्षाही जरा बरी.

हे कळलं त्या दिवशी बाई लॅबला कुलूप लावून लवकर निघाल्या. घरी जाऊन त्या जेवल्या नाहीत. नवऱ्याला म्हणाल्या, माझं नाव कुणीतरी वापरून फेकलेल्या फडक्यासारखं वाटतंय मला. नवरा शाळेत मास्तर, मवाळ माणूस. तो म्हणाला, मग सोड नोकरी. बाई म्हणाल्या, मी सोडली की तिथं माणूस म्हणून कोण राहणार? असा त्यांचा तोरा.

पुढचा सगळा महिना त्या तोऱ्यात गेला. दिवाळी आली, गेली. राजवीरचे चार दिवस संपेचनात. आधी तर नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम उघडेचना. मग त्यानं कुठली तरी जुनी विंडोज शोधून टाकली. आता प्रोग्राम उघडायचा आणि पडद्यावर एक ओळ टाकून बंद व्हायचा, मेमरी अपुरी आहे. राजवीर म्हणाला, हात्तिच्या, एवढंच ना? त्यानं मेमरीची आणखी एक पट्टी आणून बसवली. पुन्हा तीच ओळ. आणखी एक. पुन्हा तीच. आठवड्यानं आधीच्या पट्ट्या काढून दुप्पट मोठ्या घातल्या. ओळ जागच्या जागी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. राजवीर डोकं खाजवायचा, फोनवर कुणाला तरी विचारायचा, चहा प्यायचा आणि जायचा. टेबलाखाली त्याच्या पट्ट्यांची रिकामी पाकिटं साठली. ती उचलायचीसुद्धा त्याला शुद्ध नव्हती. बाई ती पाकिटं बघायच्या आणि त्यांच्या अंगावर शिसारी यायची.

एकच गोष्ट त्यांनी महिनाभर नेमानं केली. प्रत्येक रसाचं बटण कृष्णातकडून मागून घेतलं, तारीख घातली आणि पत्र्याच्या डब्यात ठेवलं. एक दिवस मशीन चालू होईल, मग ही बटणं एकेक करून मालकाच्या तोंडावर मारू, असा त्यांचा हिशेब. छापील सहीखाली काय काय घाण गेलीय ते त्याला दाखवायचं होतं. पण मशीन चालू करायला त्यांनी स्वतः काय केलं? काही नाही. कॉम्प्युटर हे काही माझं काम नव्हे, ज्यानं बिघडवला त्यानं बघावं, म्हणून त्या हाताची घडी घालून बसल्या. नुसती किळस करणं हे काही काम नव्हे, हे त्यांच्या ध्यानात यायला महिना गेला. तेही ऊसवाहतूक सुरू झाल्यावर. सकाळी येताना फुलेवाडीकडून भरलेल्या ट्रॉल्यांची रांग दिसली आणि त्यांचं लक्ष ऊस सोडून हुकावर गेलं. दिवसभर ते डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या सर्व्हिस रजिस्टरमधून नृसिंह देशपांडे यांचा नंबर काढला. अठ्ठ्याण्णव साली मशीन बसवायला आलेले इंजिनिअर हेच. आता वय बहात्तर, सांगलीत मुलीकडं. बाईंनी सगळं सांगितलं. म्हातारबुवांनी एकच विचारलं, मेमरी किती घातलीय म्हणता? बाईंनी आकडा सांगितला तसे ते फोनवर मोठ्यानं हसले आणि मग खोकले.

"अहो, कमी नाही पडत, जास्त झालीय ती. आमच्या त्या प्रोग्रामला एवढी मोजताच येत नाही. मापट्यानं मोजणाऱ्यापुढं राधानगरीचं धरण ठेवलं तर तो काय सांगणार? गोंधळून म्हणतो, नाहीच. त्याला त्याच्यापुरतंच द्या."

मग त्यांनी पायरीपायरीनं सांगितलं आणि बाईंनी वहीत लिहून घेतलं. प्रोग्रामच्या चित्रावर उजवं बटण दाबायचं. प्रॉपर्टीज उघडायचं. त्यात मेमरी नावाचं पान. पानावर तीन-चार रकाने आणि प्रत्येकासमोर 'ऑटो' लिहिलेलं, म्हणजे असेल तेवढी सगळी घे. तिथंच घोळ. एका रकान्यात ऑटोच्या जागी 'नन' करायचं, उरलेल्यांत ठरावीक आकडा, आठ हजार एकशे ब्याण्णव. जपून ठेवायचं आणि उघडायचं.

बाईंनी तसं केलं. काळा पडदा आला आणि त्यावर हिरव्या अक्षरांत ओळ उमटली, नमुना ठेवा.

चार मिनिटं लागली होती. घड्याळ बघून चार मिनिटं. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. चार मिनिटांच्या कामासाठी एक महिना! एका अडाण्यानं पट्ट्यांवर पट्ट्या घातल्या, दुसऱ्यानं कागदांवर कागद छापले, आणि एक फोन करायला तिसऱ्याची जीभ झडली होती. तिसरं कोण हे मनात येताच त्यांनी विषय सोडला आणि मशीन पुसायला घेतलं.

आधी आकडे माहीत असलेला खात्रीचा तुकडा ठेवून मशीन बरोबर सांगतंय का ते तपासलं. बरोबर होतं. मग पत्र्याचा डबा काढला. अलीकडची बटणं वर होती, तिथूनच सुरुवात केली. घासायचं, ठेवायचं, ठिणगी, आकडे. पहिलं चांगलं. दुसरं चांगलं. दहा झाली, वीस झाली, सगळी चांगली. छापील सहीखाली गेलेला सगळा माल चोख होता. कृष्णातनं भट्टी डोळ्यांत तेल घालून राखली होती. बाई एकेक बटण बाजूला ठेवत होत्या आणि त्यांच्या कपाळावरची आठी वाढत होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला वाईट वाटतंय. माल चांगला निघाल्याचं वाईट वाटतंय! एखादं तरी खराब निघावं म्हणून आपण वाट बघतोय. शी, म्हणाल्या त्या. खोलीत कुणी नव्हतं.

मग डब्याच्या तळाची बटणं आली. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या दिवसाचं, तिसऱ्या रसाचं बटण त्यांनी घासून ठेवलं. ठिणगी पडली. मॅग्नेशियम जेवढं हवं त्याच्या निम्म्याहून कमी. त्यांनी बटण पुन्हा घासलं, दुसऱ्या जागी ठिणगी पाडली. तेच. तिसऱ्यांदा तेच. त्यांनी फाइल काढली. बावन्न हूक, कुरुंदवाड. कागदावर मॅग्नेशियमचा आकडा अगदी नमुनेदार. खाली सही, निळ्या शाईची, शेवटचा फराटा जरा घाईत ओढलेला.

बाई खुर्चीत बसल्या. कृष्णात दारात उभा राहून म्हणाला होता, बगा की जरा. त्यानं त्याचं काम केलं होतं. आणि आपण म्हणालो, बघते.

धैर्यशीलच्या केबिनमध्ये त्या बटण आणि कागद दोन्ही घेऊन गेल्या. बावन्न हूक परत मागवा म्हणाल्या. त्यानं कागद बघितला, बटण बोटांत फिरवलं. मग समजूत घालायला लागला, की महिना झाला, कुठून तक्रार आलेली न्हाय, एवढं काय मनावर घ्यायलाय, झाकली मूठ सव्वा लाखाची. बाई म्हणाल्या, मूठ झाकून लोखंड चिवट होत नाही. तेव्हा त्याचा गोडवा आटला. तो कागद त्यानं बाईंकडं सरकवला.

"ही सही माझ्या कॉम्प्युटरातली न्हाय, ताई. तुमच्या हातची हाय. काय झालं तर कुणाला धरतील, इचार करा."

बाईंना वाटलं होतं, आता त्याची किळस येईल. ती आलीच नाही. माणूस खरं तेच बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एस.टी.नं कुरुंदवाडला गेल्या. कामावर खाडा सांगितला नाही, विचारलं नाही. ट्रॉल्या बांधणारे पृथ्वीराज पाटील यांना त्या फोनवरच ओळखत होत्या. पन्नाशीचा तालेवार गडी, शेडमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्यांत उभा. बाईंनी चहा नको म्हणून सांगितलं, त्या तारखेचे हूक कुठले ते विचारलं आणि हातोडा मागितला. पृथ्वीराजला वाटलं, मालाची तारीफ करायला आल्यात. त्यानं हसत हसत एक हूक ऐरणीवर ठेवून दिला. चांगला हूक असता तर हातोडा उसळला असता. हा पहिल्याच घावात दोन तुकडे होऊन पडला. आतला रंग राखाडी, भरड.

शेडमधलं वेल्डिंग थांबलं. पृथ्वीराजनं तुकडा उचलला, उलटासुलटा केला आणि विचारलं, कागदावर तर सगळं बरोबर होतं. सही कुणाची?

"माझी," बाई म्हणाल्या. "न बघता केलती."

तो शिव्या देईल असं त्यांना वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं फक्त तोंड फिरवलं, जसं बाई आजवर दुसऱ्यांकडं बघून फिरवत आल्या होत्या, आणि फोनला लागला. बावन्नांतले एकतीस हूक गोदामातच होते, एकवीस ट्रॉल्यांना बसलेले. त्यानं एकेक मालकाला फोन लावला, जिथं असाल तिथं थांबा, ट्रॉली हलवू नका. फाउंड्रीच्याच अलीकडच्या मालातले चांगले हूक त्याच्याकडं होते. त्यांची बटणं बाईंनी आधीच तपासली होती. दोन दिवस त्याची माणसं जीप घेऊन हूक बदलत हिंडली आणि बाई त्यांच्याबरोबर. रात्री त्या पृथ्वीराजच्या आईजवळ झोपल्या. धैर्यशीलचे फोन येत होते, त्यांनी घेतले नाहीत. काढलेला प्रत्येक हूक त्या बोटांनी चाचपून बघायच्या. चार हुकांना केसाएवढी चीर सापडली. एकाच्या चिरेत नख जात होतं. तो ज्या ट्रॉलीचा होता ती आदल्या दिवशी दोनदा नृसिंहवाडीचा पूल ओलांडून आली होती.

वीस झाले. एकविसावी ट्रॉली काही सापडेना. मालकाचा फोन बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, नदीकाठच्या मळीच्या रानात तोडणी चालू आहे, तिथं असेल. जीप उसातून वाट काढत गेली.

ट्रॉली अर्धी भरून उभी होती, ट्रॅक्टरला जोडलेली. गडी आत उसात कोयते चालवत होते, त्यांचा आवाज येत होता. सावली म्हणून ती ट्रॉलीचीच. ट्रॉलीखाली लुगड्याची झोळी बांधली होती, एक टोक मागच्या आसाला आणि दुसरं पुढं हुकालाच गुंडाळून गाठ मारलेली. झोळीत पोर झोपलेलं. शेजारी तीन दगडांवर चहा उकळत एक बाई बसली होती. बीडकडची तोडकरीण, बयाबाई तिचं नाव, वय पंचविशीचं असेल नसेल. पृथ्वीराजच्या मिस्त्रीनं तिला सांगितलं, हूक बदलायचाय, झोळी सोडा. ती लगबगीनं उठली. ट्रॉली भरली की तुम्ही कुठं बसता, असं चौगुलेबाईंनी तिला विचारलं. ती म्हणाली, वर, उसावर, पोरासकट. दुसरं कुठं बसणार?

मग बयाबाई बोलत राहिली. कालच धनी म्हणत होता, चढाला हुकातून कटकट आवाज येतो. बरं झालं तुम्ही आलात. एवढ्या लांबून आमच्यासाठी आलात, आमच्यासाठी कोण येतंय? कोरा चहा आहे, घ्या जरा. तिनं झोळीतून पोर उचललं. सात-आठ महिन्यांचं, झोपेतून उठलेलं, नाक वाहतंय, गालाला उसाचा चिकटा आणि राख. झोळीची गाठ सोडायला तिला दोन्ही हात हवे होते. तिनं ते पोर सरळ चौगुलेबाईंच्या पुढं धरलं.

"धरा की जरा, बाई."

चौगुलेबाई एक पाऊल मागं सरल्या. दोन्ही हात त्यांनी पाठीमागं नेले. तोंडावर तो भाव आला, चोवीस वर्षं उद्यमनगरानं बघितलेला, आणि तो त्यांना आवरला नाही. नको, म्हणाल्या त्या, माझ्या हातात नको.

बयाबाईनं त्यांच्या पांढऱ्या ओढणीकडं बघितलं. मग पोराकडं. तिनं पोराला परत छातीशी घेतलं, पदराच्या टोकानं त्याचं नाक पुसलं, गाल पुसला, राख निघेना तसा पदर थुंकीनं भिजवून पुन्हा पुसला. घाण पोराला नव्हे, सही केलेल्या या हातांना आहे, असं चौगुलेबाईंना सांगायचं होतं. मिस्त्रीनं पान्हा लावला.

"सकाळीच न्हाऊ घातलंय त्याला," बयाबाई खाली बघत म्हणाली.